‘तू गेलीस तर माझी लिस्ट कोण बघणार?’

मध्य मुंबईतल्या एका जुन्या ट्रस्ट हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमध्ये १४ वर्षं काम करणाऱ्या सिस्टरचं हे पत्र आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळून ते इथे थोडक्यात दिलं आहे. त्या डोंबिवलीला राहतात. नवरा खासगी कंपनीत, मुलगी यंदा दहावीला, घरी सासूबाई. नवी मुंबईत नव्यानं सुरू झालेल्या एका हॉस्पिटलनं त्यांना ओटी इन्चार्ज, म्हणजे ऑपरेशन थिएटरची प्रमुख सिस्टर, म्हणून बोलावलं आहे. पगार आताच्या जवळपास दीडपट. दोन आठवड्यांत कळवायचं आहे आणि त्यांचा पाय निघत नाही. पत्रातले ‘सर’ म्हणजे त्यांचे सर्जन, ‘लिस्ट’ म्हणजे सरांच्या त्या दिवशीच्या ऑपरेशनांची यादी आणि मेट्रन म्हणजे नर्सिंग विभागाच्या प्रमुख. त्या लिहितात: ‘आमच्या सरांनी हात पुढे केला की त्यांना काय हवंय ते त्यांनी मागायच्या आधी माझ्या हातात असतं. २०२०मध्ये माझे मिस्टर करोनानं ॲडमिट होते, तेव्हा माझ्या ड्युट्या याच लोकांनी वाटून घेतल्या. आमच्या इन्चार्ज सिस्टर तीन वर्षांनी रिटायर होतील. “पुढची तूच,” असं मेट्रन मॅडम म्हणतात. सरांच्या कानावर नुसतं घातलं, तर ते म्हणाले, “तू गेलीस तर माझी लिस्ट कोण बघणार?” त्या दिवसापासून झोप नाही. खुर्चीसाठी माणसं सोडली तर मी स्वार्थी ठरेन का? आणि जिथे मला कोणी ओळखत नाही, तिथे मला जमेल का?’

ताई,

तुमच्या पत्रात माणसं खूप आहेत आणि ती मला आवडली. सकाळी तुमच्या आधी येऊन ट्रॉल्या लावून ठेवणारे मामा, नाइटनंतर डबा उघडून बसणाऱ्या सिस्टर, भूल देताना घाबरलेल्या पेशंटशी गावाकडच्या गप्पा मारणाऱ्या ॲनेस्थेशियाच्या मॅडम. नव्या नोकरीबद्दल मात्र तुम्ही दोनच ओळी लिहिल्यात, पद आणि पगार. तिथे थिएटर किती, तुमच्या हाताखाली माणसं किती, तुम्ही कोणाला उत्तरदायी, तुमच्या आधी त्या जागेवर कोण होतं, यातलं काहीच नाही. एका पारड्यात १४ वर्षांचं आयुष्य आणि दुसऱ्यात एक कोरा कागद ठेवला, तर काटा कुठे झुकणार हे आधीच ठरलेलं आहे. म्हणून ‘जाऊ की नको’ हा प्रश्न आठवडाभर बाजूला ठेवा. त्याआधीचे दोन-तीन प्रश्न सुटायला हवेत.

पहिला, स्वार्थीपणाचा. तुमच्या संकटात त्या लोकांनी ड्युट्या वाटून घेतल्या हे ऋणच आहे आणि खाल्ल्या मिठाला जागणाऱ्या माणसाला ते जाणवणारच. पण ते ऋण कोणाचं, हे नीट बघा. ते इन्चार्ज सिस्टरांचं आहे, मामांचं आहे, त्या तीन-चार मैत्रिणींचं आहे. हॉस्पिटलनं तुमच्याकडून काम घेतलं आणि पगार दिला. तो व्यवहार दर महिन्याला पुरा होत गेला. माणसांचं ऋण माणसांना फेडायचं असतं आणि त्यासाठी त्याच इमारतीत राहावं लागत नाही. उद्या त्यांच्यापैकी कोणाच्या घरी आजारपण आलं तर तुम्ही नवी मुंबईतून धावून जाल की नाही? तुमचं पत्र वाचून मला त्याबद्दल जराही शंका नाही. शिवाय, तुमच्या जागी तुमची एखादी मैत्रीण असती आणि तिला असं बोलावणं आलं असतं, तर तुम्ही तिला स्वार्थी म्हणाला असता का? मला वाटतं, तुम्ही तिला जायलाच सांगितलं असतं.

आणि एक विचारते. तुम्ही पहिल्या दिवशी त्या थिएटरमध्ये पाऊल टाकलंत तेव्हा जी माणसं होती, त्यातली आज किती आहेत? रेसिडेंट डॉक्टर तर बदलतच राहतात. कोणी सिस्टर लग्न होऊन पुण्याला गेली असेल, कोणी आखातात, कोणी आयर्लंडला. तुम्ही लिहिता की इन्चार्ज सिस्टर तीन वर्षांनी जातील. सरांचं वय तुम्ही लिहिलेलं नाही, पण तेही जन्मभर टेबलापाशी उभे राहणार नाहीत. म्हणजे तुम्ही थांबलात तरी ही टीम थांबणार नाही. आज आहे तशी ती कायम राहील हे मनाशी धरून निर्णय घेऊ नका. पाच वर्षांनी त्याच थिएटरमध्ये आजूबाजूला सगळे नवे चेहरे आहेत, असं चित्र एकदा डोळ्यांसमोर आणा आणि मग स्वतःला विचारा, तेव्हाही मला इथेच असायला आवडेल का?

आता सरांचं वाक्य. ते प्रेमानं बोलले, त्यात कौतुक आहे आणि तुम्हाला ते लागणं स्वाभाविक आहे. पण ते वाक्य टेबलावर झोपलेल्या पेशंटच्या बाजूनं ऐकून बघा. एका सिस्टरच्या जाण्यानं लिस्ट कोलमडणार असेल, तर ती लिस्ट आजही धोक्यात आहे. तुम्हाला डेंग्यू झाला तर? मुलीच्या परीक्षेसाठी तुम्ही चार दिवस रजा घेतली तर? सरांना कुठला सूचर (टाक्यांचा धागा) लागतो, कोणत्या केसला कुठला रिट्रॅक्टर (छेद उघडा धरणारं साधन) हाताशी हवा, रक्तस्राव वाढला की ते आधी काय मागतात, हे सगळं तुमच्या डोक्यात असेल आणि कागदावर नसेल, तर त्याचा धोका पेशंटला आहे. यात तुमचा दोष नाही. चांगल्या माणसांच्या भरवशावर चालणाऱ्या जागी असं होतंच. पण यावरचा उपाय ‘तुम्ही कधीच जायचं नाही’ हा असू शकत नाही. तुम्ही गेलात किंवा राहिलात, तरी ते डोक्यातलं ज्ञान दुसऱ्या कोणाच्या तरी हातात जायला हवं. सरांच्या प्रश्नाला खरं उत्तर तेच आहे, आणि ते द्यायची ताकद तुमच्यात आहे.

‘मला जमेल का’ या भीतीकडे वळते. घरच्यांनी आणि मैत्रिणींनी तुम्हाला ‘अगं जमेल गं, एवढा अनुभव आहे’ असं सांगून ती उडवून लावली असणार. मी तसं करणार नाही, कारण तुमच्या भीतीला आधार आहे. हार्वर्डच्या रॉबर्ट हकमन आणि गॅरी पिसानो या दोन अभ्यासकांनी २००६मध्ये हृदयशस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. हे सर्जन एकापेक्षा जास्त हॉस्पिटलांत शस्त्रक्रिया करत. एखाद्या हॉस्पिटलात त्यांचं काम वाढलं की तिथले त्यांचे निकाल सुधारत; पण तोच सर्जन दुसऱ्या हॉस्पिटलात गेला की त्या वाढलेल्या सरावाचा तेवढा फायदा तिथे दिसत नसे. हात तेच, डोकं तेच. आजूबाजूची माणसं आणि पद्धत वेगळी. तुम्ही स्क्रब होऊन, म्हणजे हात निर्जंतुक करून गाऊन-ग्लोव्ह घालून, ज्यांच्या शेजारी उभ्या राहता, त्या सर्जनांचंच हे आहे. मग सिस्टरचं वेगळं कसं असेल? बोरिस ग्रॉयसबर्ग या हार्वर्डच्याच प्राध्यापकानं वॉल स्ट्रीटवरच्या हजाराहून जास्त नावाजलेल्या विश्लेषकांचा माग काढला. कंपनी बदलल्यावर त्यांच्यातल्या अनेकांची कामगिरी घसरली. जे आपल्या सहकाऱ्यांना बरोबर घेऊन गेले, त्यांचं नुकसान कमी झालं.

म्हणजे तुम्ही मनाच्या कच्च्या आहात असं अजिबात नाही. तुमच्या हातातलं काही कौशल्य खरोखरच इतरांच्या हातांवर उभं आहे आणि ते तुमच्याबरोबर ट्रान्स-हार्बरच्या (ठाणे ते नवी मुंबई लोकलच्या) गाडीत बसून येणार नाही. सुरुवातीचे काही महिने तुम्हाला आतापेक्षा कमी येतंय असं वाटेल. कुठल्या कपाटात काय आहे हे विचारावं लागेल. एखादा सर्जन हात पुढे करेल आणि तुम्हाला काय द्यायचं ते कळणार नाही. हे होणार हे आजच मान्य केलंत, तर तेव्हा ‘माझा निर्णयच चुकला’ असं म्हणून रडू येणार नाही.

पण या दोन्ही अभ्यासांत माणसं नव्या जागी जुनंच काम करत होती. तुम्हाला बोलावणं आलं आहे ते वेगळ्या कामाचं. मला तुमच्याशी सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते याबद्दल.

इन्चार्ज होणं म्हणजे टेबलापासून मागे सरकणं. तुमचा दिवस रोस्टरनं सुरू होईल. आज दोघी रजेवर, एक आजारी, लिस्टवर नऊ केस, त्यात एक इमर्जन्सी. सीएसएसडीमधून (उपकरणं निर्जंतुक करणाऱ्या विभागातून) ड्रम वेळेवर आले नाहीत, तर सर्जन ओरडणार तुमच्यावर. ऑटोक्लेव्ह (वाफेनं निर्जंतुक करणारं यंत्र) बंद पडला, इम्प्लांटचा हिशेब जुळेना, स्टोअरनं इंडेंट (सामानाची मागणी) परत पाठवला, एनएबीएचच्या (हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणाऱ्या संस्थेच्या) ऑडिटला रजिस्टर अपुरं निघालं, सगळं तुमच्या टेबलावर येईल. जिवलग झालेल्या सिस्टरला दिवाळीत रजा नाकारावी लागेल. मॉप काउंट (पोटात काही राहू नये म्हणून रक्त टिपायच्या कापडांची केलेली मोजणी) जुळत नसताना ‘सर, क्लोज करू नका’ असं म्हणणाऱ्या नवख्या मुलीच्या पाठीशी उभं राहावं लागेल, समोर कितीही मोठा सर्जन असला तरी. हेही नर्सिंगच आहे. माझ्या मते ते फार मोलाचं नर्सिंग आहे, कारण ज्या जागी सर्जनचा हात न बोलता वाचला जातो, ती जागा कोणीतरी आधी घडवलेली असते. तुमच्या इन्चार्ज सिस्टरांनी ती १४ वर्षं तुमच्यासाठी घडवली. आता तुम्हाला दुसऱ्यांसाठी ती घडवायला कोणीतरी बोलावतं आहे.

ते तुम्हाला आवडतं का, हे मात्र मला पत्रातून कळलं नाही. तुम्ही स्वतः ते ओळखू शकता. इन्चार्ज सिस्टर रजेवर असतात तेव्हा त्यांचं काम तुम्हीच बघत असणार. अशा एखाद्या दिवसाची संध्याकाळ आठवा. दादरला जिना चढताना मनात काय होतं? ‘दमले, पण सगळ्या केस नीट पार पडल्या, त्या नव्या पोरीला पहिल्यांदा एकटीनं स्क्रब करू दिलं’ असं वाटून बरं वाटलं होतं, की ‘सुटले एकदाची, उद्या माझं टेबल मला परत मिळेल’ असं? दुसरं उत्तर आलं तर त्यात कमीपणा काहीच नाही. काही सिस्टरांचा जीव टेबलातच असतो आणि त्यांना तिथून हलवून खुर्चीवर बसवणं म्हणजे चांगली स्क्रब नर्स गमावून एक नाखूश इन्चार्ज मिळवणं. आपल्याकडे वर जाण्याची एकच शिडी दाखवली जाते याचं मला वाईट वाटतं. पण पहिलं उत्तर आलं, किंवा दोन्ही थोडी थोडी आली, तर हे बोलावणं मनापासून तपासून बघा. ‘आठवड्यातून एक-दोन दिवस मी स्वतः स्क्रब होईन’ अशी मागणीही तुम्ही करू शकता. नव्या हॉस्पिटलला तुमच्या हातांचा उपयोगच आहे.

‘पुढची तूच’ या शब्दाबद्दल. मेट्रन मॅडम खोटं बोलत नसतील. पण तीन वर्षांनी मेट्रन त्याच असतील का? तुमच्या ट्रस्टमध्ये इन्चार्जची नेमणूक सीनियॉरिटीनं होते की मुलाखतीनं? यादीत तुमच्या वर कोणी आहे का? मुंबईत चांगलं काम करणाऱ्या कितीतरी बायका अशा तोंडी शब्दावर वर्षानुवर्षं थांबतात, कारण विचारलं तर हावरट दिसू अशी भीती वाटते. विचारा. नव्या नोकरीचं नावही न काढता, शांतपणे म्हणा, ‘मॅडम, तुम्ही मला पुढची इन्चार्ज म्हणालात याचा मला आनंद आहे. त्यासाठी माझी तयारी कशी करून घ्याल? असिस्टंट इन्चार्ज म्हणून आत्ता ऑर्डर निघू शकेल का?’ उत्तरात काहीतरी ठोस असेल, तर थांबण्याचाही खरा पर्याय तुमच्यापुढे आहे असं समजा. ‘बघू गं, तू काळजी करू नकोस’ एवढंच असेल, तर त्यातूनही तुम्हाला कळायचं ते कळेल. बाहेरचं ऑफर लेटर दाखवून पगार वाढवून घेण्याच्या फंदात मात्र पडू नका. तुमचं दुखणं पगाराचं नाही, त्यामुळे पैसे वाढवून ते जाणार नाही, आणि ज्या नात्यांसाठी तुम्ही थांबणार, त्यांच्यात मात्र कटुता येईल.

आता तो कोरा कागद भरू या. उत्तर देण्याआधी नव्या हॉस्पिटलमध्ये एकदा जाऊन या, मुलाखतीच्या खोलीत नव्हे, थिएटर कॉम्प्लेक्समध्ये. ‘जिथे काम करायचं ती जागा बघायची आहे’ असं सांगितलंत तर कोणी नाही म्हणू नये. म्हणालं तर त्याची नोंद घ्या. चालू थिएटर किती आणि सिस्टरांच्या मंजूर जागांपैकी भरलेल्या किती, हे विचारा. हॉस्पिटल नवं असलं तरी आधी कोणी इन्चार्ज होती का, होती तर का गेली, हे विचारा आणि शक्य असेल तर तिच्याशीच बोला; नर्सिंगच्या जगात दोन फोनमध्ये माणूस सापडतं. नेमणुकीत तुमचं मत घेतील का? काउंट जुळत नसेल तर केस थांबवायचा अधिकार इन्चार्जला आहे का, आणि तेव्हा मॅनेजमेंट कोणाच्या बाजूनं उभं राहतं? शिफ्ट बदलायच्या वेळी चेंजिंग रूमच्या बाहेर दहा मिनिटं थांबा. तुम्हाला चेहरे वाचता येतात.

आणखी एक गोष्ट जरूर बघा. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८मध्ये आणलेली सर्जिकल सेफ्टी चेकलिस्ट तुम्ही रोज भरत असाल. त्या १९ मुद्द्यांत छेद देण्याआधी प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगायचं असा एक मुद्दा आहे. तुमच्या थिएटरमध्ये सगळे एकमेकांना ओळखतात, म्हणून कदाचित तो घाईत उरकला जात असेल. पण तो मुद्दा तिथे आहे, कारण जगभरातल्या थिएटरांत अनोळखी माणसं एका टेबलाभोवती उभी राहतात. ही यादी आठ शहरांतल्या हॉस्पिटलांत वापरून बघितली गेली, त्यात आपली दिल्लीही होती. २००९मध्ये निष्कर्ष छापून आले, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचं ११ वरून ७ टक्क्यांवर आलेलं दिसलं. मला यातून फार धीर येतो. १४ वर्षांची ओळख नसलेल्या माणसांनाही एकमेकांवर भरवसा ठेवता येतो, त्यासाठी पद्धत लागते आणि ती रोज मनापासून पाळणारं कोणीतरी लागतं. नव्या जागी टाइम आउट (छेद देण्याआधी सगळ्यांनी थांबून ही यादी तपासणं) खरोखर मोठ्यानं होतो का, की केस संपल्यावर कोणीतरी सगळ्या खुणा करून सही करतं, हे विचारा. दुसरं असेल तर मला काळजी वाटेल. बदलायला तुम्हाला पाठिंबा देणार असतील तरच मग पुढचं बोला.

पैशांचं आणि कागदांचं भराभर सांगते, कारण हे नोकरी बदलणाऱ्या सगळ्यांना लागू आहे. पाच वर्षं पूर्ण झाल्यानं ग्रॅच्युइटीवर तुमचा हक्क आहे. ढोबळ हिशेबासाठी शेवटचा बेसिक आणि महागाई भत्ता यांची बेरीज घ्या, २६नं भागा, १५नं गुणा आणि नोकरीच्या वर्षांनी गुणा. ही बेरीज २६,००० असेल तर एका वर्षाचे १५,००० आणि १४ वर्षांचे २,१०,००० रुपये. सहा महिन्यांहून जास्त झालेलं अपुरं वर्ष पूर्ण धरतात, म्हणून जॉइनिंगची तारीख बघा. राजीनामा काही आठवडे पुढे ढकलून एक वर्ष पदरात पडत असेल तर ते सोडू नका. नव्या जागी मात्र ही मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होईल. पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर (पीएफच्या कायमच्या क्रमांकावर) ट्रान्सफर करा, म्हणजे पेन्शनसाठीची सेवा जोडलेली राहते. जुन्या हॉस्पिटलचा ग्रुप मेडिक्लेम शेवटच्या दिवशी संपतो. नवा पहिल्या दिवसापासून सुरू होतो का आणि त्यात सासूबाई बसतात का, हे लेखी घ्या. आधीच्या पगाराचा तपशील नव्या ठिकाणी द्या, नाहीतर दोन्हीकडे कमी टॅक्स कापला जाऊन रिटर्न भरताना एकदम रक्कम भरावी लागते. रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवाचं पत्र हातात घेतल्याशिवाय शेवटचा दिवस संपवू नका. आणि रजिस्ट्रेशनची, सर्टिफिकेटांची मूळ प्रत कोणालाही ठेवून घेऊ देऊ नका. दाखवा आणि परत घ्या.

‘दीडपट’ म्हणजे हातात येणारे किती, हेही विचारा. सीटीसीत, म्हणजे तुमच्यावर होणाऱ्या एकूण खर्चाच्या आकड्यात, बहुधा हॉस्पिटलचा पीएफचा वाटा आणि ग्रॅच्युइटीही धरलेली असते.

प्रवासाचा अंदाज नकाशावरून करू नका. आज तुम्ही डोंबिवलीहून फास्ट पकडून थेट दादरला उतरता. उद्या ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बरला जायचं, आणि तिथेही सकाळी ऐरोली-घणसोलीच्या ऑफिसांची गर्दी असते. सुट्टीच्या दिवशी नाही, कामाच्या दिवशी, ड्युटीच्या वेळेला एकदा जाऊन बघा आणि संध्याकाळी त्याच मार्गानं परत या. इन्चार्जला रात्रीच्या इमर्जन्सीला बोलावतात का, बोलावलं तर गाडी पाठवतात का, हे ऑर्डरमध्येच लिहून घ्या. मध्यरात्रीनंतर काही तास लोकल नसते आणि तेव्हा डोंबिवलीहून निघणं तुमच्या एकटीच्या हिमतीवर सोडता कामा नये.

मुलीच्या दहावीबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंत, ‘तिचं वर्ष वाया जायला नको’. तिला विचारलंत का? मुलींना आई घरी किती वाजता येते यापेक्षा आल्यावर कशी असते याचं जास्त पडलेलं असतं. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते. तुम्ही नव्या हॉस्पिटलला ‘मी परीक्षा संपल्यावर जॉइन होईन’ असं सांगू शकता. इन्चार्जच्या जागेसाठी १४ वर्षांचा अनुभव हवा असेल, तर ते थांबतील. तुमच्या मिस्टरांशीही एकदा बसून बोला, पगारावर नाही, सकाळच्या कामांवर. सासूबाईंची औषधं, डबे, पाणी भरणं, यातलं काय ते उचलणार हे ठरल्याशिवाय होकार देऊ नका. दीडपट पगारासाठी दुप्पट राबायचं असेल तर तो सौदा तुमच्या तब्येतीला परवडणारा नाही.

तुम्ही मला स्पष्ट मत विचारलंत. माझा कल तुम्ही जावं याकडे आहे. कारण इन्चार्जचं काम तुम्ही आधीपासून करत आहात, फक्त नावाशिवाय. तुमच्या पत्रात सर्वांत जिवंत भाग कोणता ठाऊक आहे? जिथे तुम्ही त्या नव्या सिस्टरला इन्स्ट्रुमेंट ओळखायला कसं शिकवलंत ते लिहिलंत. पण माझा होकार दोन गोष्टींवर अवलंबून आहे: काउंट आणि चेकलिस्टच्या बाबतीत ते तुमच्या पाठीशी उभे राहणार असतील, आणि पुरेशी माणसं देणार असतील. यातली एक जरी नसेल, तर पद कितीही मोठं असो, थांबा. मेट्रनकडून ठोस उत्तर मागा आणि वर्षभरात दुसरीकडे बघा. नवी मुंबईत आणि ठाण्यात हॉस्पिटलं उभी राहत आहेत. हे शेवटचं बोलावणं नाही.

गेलात तर कसं जायचं, त्यावरही बरंच अवलंबून आहे. आधी इन्चार्ज सिस्टरांना सांगा, मग सरांना, स्वतः, लिस्ट संपल्यावर, बसून. कॉरिडॉरमधून कुजबुज त्यांच्या कानावर जाऊ देऊ नका. सरांना म्हणा, ‘तुमची लिस्ट कोण बघणार ते मी जाण्याआधी दाखवून जाईन.’ नोटीसच्या काळात सरांच्या प्रत्येक नेहमीच्या केसचं प्रेफरन्स कार्ड लिहा: सूचर, ग्लोव्हचा नंबर, पोझिशन, कधी काय मागतात. त्या नव्या सिस्टरला स्क्रब होऊ द्या आणि तुम्ही फ्लोअरला, टेबलापासून दूर, उभ्या राहा. तिला अडखळू द्या. सर वैतागतील; वैतागू देत. शेवटच्या आठवड्यात तुम्ही हात मागे बांधून उभ्या राहू शकलात, तर करोनाच्या दिवसांतल्या ड्युट्यांचं ऋण तुम्ही बरंच फेडलं असेल.

तिथे गेल्यावर एक मोह होईल, आपल्या दोन-तीन सिस्टरांना बोलावून घेण्याचा. त्या विश्लेषकांच्या अभ्यासातही तेच दिसतं की आपली माणसं बरोबर असली की सोपं जातं. तरी पहिलं वर्ष ते करू नका. जुनं थिएटर एकदम ओस पडेल, आणि नव्या जागेतल्या सिस्टरांना वाटेल की बाईंना आपला गटच आणायचा आहे. नंतर कोणी स्वतःहून आली तर गोष्ट वेगळी. सुरुवातीला ‘आमच्याकडे असं करायचो’ हे वाक्यही आवरा. तुमचं ‘आमच्याकडे’ आता बदललेलं असेल आणि ते समोरच्यांना लगेच ऐकू येतं. आधी मामांची आणि मावशींची नावं पाठ करा. थिएटर कुठे अडतं हे त्यांना सगळ्यांच्या आधी ठाऊक असतं.

ड्युटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून तुम्हाला काढतील, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. तो ग्रुप कामाचा आहे. जायच्या आधी मैत्रिणींचा वेगळा ग्रुप तुम्हीच करा, आणि पहिला डबा-कट्टा कुठल्या रविवारी, ठाण्याला कोणाच्या घरी, हेही ठरवून टाका. ‘भेटत राहू’ असं नुसतं म्हटलेलं मुंबईत राहून जातं.

हे पत्र सिस्टरचं असलं तरी बँकेत, शाळेत, कंपनीच्या अकाउंट्समध्ये अशाच पेचात अडकलेल्या वाचकांनीही आपलं काम एकदा उलगडून बघावं. त्यातलं स्वतःच्या हातातलं किती, आजूबाजूच्या माणसांमुळे जमणारं किती, आणि नव्या जागी ती माणसं घडवण्याची मुभा मिळणार आहे का. पद आणि पगाराची बोलणी करताना हा तिसरा मुद्दा सहसा कोणी काढत नाही. नव्या ठिकाणी माणसं, अधिकार आणि वेळ यातलं काय देणार, हे ऑफर स्वीकारायच्या आधी विचारलं तर मिळतं. जॉइन झाल्यावर मागितलं तर तक्रार ठरते.

ताई, तुमच्याकडे दोन आठवडे आहेत. या सोमवारी नव्या हॉस्पिटलला होकार-नकार काहीच न कळवता एवढंच लिहा: थिएटर बघायचं आहे, स्टाफची संख्या आणि इन्चार्जचे अधिकार लेखी हवे आहेत, आणि जॉइनिंग दहावीच्या परीक्षेनंतर चालेल का. त्याच आठवड्यात मेट्रन मॅडमची वेळ घ्या. दोन्हीकडची उत्तरं आली की ती शेजारी शेजारी ठेवून घरी वाचा, आणि काय ठरलं ते मला जरूर कळवा.